पगारपत्रक बदलण्याआधी बातमी कशी वाचावी

मार्च २०२१. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचे (ओतकामाच्या कारखान्याचे) पगार आणि पीएफ मी बघत होते. १ एप्रिलपासून नवी वेतन संहिता लागू होणार, मूळ पगार एकूण पगाराच्या निम्मा तरी ठेवावा लागणार, अशा बातम्या रोज येत होत्या. मालक म्हणाले, "मॅडम, ऐनवेळी धावपळ नको, आत्ताच करून टाका." मी केलं. तीस हजार पगाराच्या एका सुपरवायझरचा मूळ पगार १२,००० होता, तो १५,००० केला. त्याचा पीएफ १,४४० वरून १,८०० वर गेला. मालकाचा हिस्साही तेवढाच वाढला, पण एकूण खर्च वाढवायचा नाही असं आधीच ठरलं होतं, म्हणून तोही भत्त्यातूनच वळता केला. माणसाच्या हातात महिन्याला ७२० रुपये कमी आले.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो माझ्या टेबलापाशी उभा राहिला. "पगार आलाय, खरं कमी आलाय की वो अक्का." (आमच्या बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'.) कोरोनाची दुसरी लाट सुरू होती, घरात औषधांचा खर्च होता. मी त्याला सांगितलं की कायदाच तसा आलाय. तो गेला. आणि मग मला वाटलं, एकदा बघावं तरी कुठे आलाय. कुठेच आला नव्हता. संहिता संसदेने ऑगस्ट २०१९ मध्ये मंजूर केली होती, पण पगाराची ही तरतूद लागू करणारी अधिसूचना निघालेलीच नव्हती. पुढे २०२२ मध्ये '१ जुलैपासून' म्हणून तीच बातमी परत फिरली, तेव्हाही काही झालं नाही. वेतन संहितेसह चारही कामगार संहिता प्रत्यक्ष लागू झाल्या त्या २१ नोव्हेंबर २०२५ ला.

ते पैसे बुडाले नाहीत, पीएफ खात्यात गेले, हे मला मान्य आहे. पण त्या महिन्यांत त्याला ते हातात हवे होते. ऑगस्टच्या पगारापासून मी जुनी मांडणी परत करून घेतली. तोवर चार महिन्यांचे २,८८० रुपये गेले होते, आणि त्या पगारपत्रकावर अक्षर माझं होतं. तेव्हापासून मी एक वही ठेवते. कायदा, सरकारी धोरण, नवं तंत्रज्ञान, यांतली जी बातमी माझ्या एखाद्या पक्षकाराच्या खिशाला हात घालणार असेल, ती वहीत चढवल्याशिवाय मी कोणालाही 'करून टाका' म्हणत नाही. ती वही कशी लिहायची ते इथे सांगते.

साधी दोनशे पानी वही पुरते. बातमी वाचली की पेन्सिलीने पहिल्यांदा क्रियापदाखाली रेघ मारायची. 'होणार', 'शक्यता', 'हालचाली', 'विचाराधीन', 'हिरवा कंदील', 'मंजुरी', 'लागू'. आपल्या मराठी वर्तमानपत्रांत मथळा 'लागू' म्हणतो आणि चौथ्या परिच्छेदात 'लागू होण्याची शक्यता आहे' असं असतं. रेघ चौथ्या परिच्छेदातल्या क्रियापदाखाली मारायची.

मग टप्पा लिहायचा. मंत्र्याचं भाषण, हरकतींसाठी मसुदा, मंत्रिमंडळाची मंजुरी, सभागृहात मांडलेलं विधेयक, दोन्ही सभागृहांची मंजुरी, राष्ट्रपती किंवा राज्यपालांची सही, राजपत्रात प्रसिद्धी, अंमल सुरू होण्याची तारीख, आणि नियम. बातमी यांपैकी कुठल्याही पायरीवर येते आणि प्रत्येक पायरीला मथळा साधारण सारखाच असतो. अध्यादेशाची गोष्ट वेगळी: तो निघाला की लगेच कायदा, पण अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत सभागृहाने मंजूर केला नाही तर संपतो. कर्नाटकात गिग कामगारांसाठी (ॲपवरून डिलिव्हरी, टॅक्सीसारखी कामं करणाऱ्यांसाठी) मे २०२५ मध्ये असा अध्यादेश आला आणि ऑगस्टमध्ये त्याचं विधेयक मंजूर झालं.

कायदा झाला असं कळलं की त्याचं पहिलं कलम उघडा. केंद्राचे कायदे ई-गॅझेटच्या, म्हणजे ऑनलाइन राजपत्राच्या, वेबसाइटवर फुकट मिळतात, विधेयकं पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या पानावर. पहिल्या कलमात नाव, विस्तार आणि अंमल, या तीन गोष्टी असतात. अंमलाच्या ओळीत थेट तारीख असेल तर वहीत तारीख लिहा. 'सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या तारखेला' अशा अर्थाचं वाक्य असेल तर तारखेचा रकाना कोरा ठेवा. वेतन संहितेत नेमकं हेच वाक्य आहे, आणि पुढे असंही आहे की वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळ्या तारखा नेमता येतील. मार्च २०२१ मध्ये ही एक ओळ वाचायला मला दोन मिनिटं लागली असती.

जुलै २०२४ मध्ये या टप्प्यांच्या रकान्याने आमच्या भागातल्या पुष्कळ घरांची झोप परत दिली. कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी कारखान्यांत स्थानिकांना राखीव जागा देणारं विधेयक मंजूर केलं: व्यवस्थापकीय जागांत ५० टक्के, बाकीच्यांत ७० टक्के. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी क आणि ड वर्गाच्या जागांत १०० टक्के अशी पोस्ट टाकली आणि नंतर ती काढली. 'स्थानिक' कोण, तर कर्नाटकात जन्मलेला, पंधरा वर्षं राहिलेला आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा. खानापूर, येळ्ळूर, कंग्राळीकडच्या आयांचे मला फोन आले. पोरगा मराठी शाळेत शिकला, आयटीआय झाला, मच्छेच्या कारखान्यात लागला, आता काढतील काय? भीती खोटी नव्हती. इथे जन्मलेल्या, इथेच घाम गाळणाऱ्या पोराला भाषेच्या परीक्षेवरून परका ठरवणारी व्याख्या मला आजही अन्यायाची वाटते. पण त्या दिवशी त्या आयांना माझं मत उपयोगाचं नव्हतं, टप्पा उपयोगाचा होता. मी सांगितलं, मंत्रिमंडळाने मान्य केलंय, विधानसभेत अजून मांडलेलं नाही. हरियाणाने ७५ टक्क्यांचा असाच कायदा २०२० मध्ये करून २०२२ च्या जानेवारीत लागू केला होता आणि पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. पोराला नोकरी सोडायला लावू नका, आणि कन्नड लिहायला शिकत असेल तर शिकू दे, ते असंही कामाला येईल. दोनच दिवसांत, १७ जुलैला, सरकारने ते विधेयक थांबवलं. वहीत मात्र ते पान उघडंच आहे, कारण थांबवणं म्हणजे मागे घेणं नाही.

दुसरा रकाना फक्त आपल्यासारख्या सीमेवरच्या वाचकांना लागतो: कुठलं सरकार? आपण बातम्या मराठीत वाचतो. कोल्हापूर, पुणे, मुंबईहून आलेलं चॅनेल बघतो. आपल्याला लागू होणारा राज्याचा कायदा मात्र बंगळूरला होतो आणि कन्नड-इंग्रजीत छापला जातो. रविवार पेठेतल्या एका घाऊक दुकानदाराने कोल्हापूरच्या मेहुण्याच्या सांगण्यावरून दुकानाच्या नोंदणीचं नूतनीकरण केलं नाही. मेहुणा खोटं बोलत नव्हता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना नोंदणीतून मोकळं केलं, नुसतं कळवलं की झालं. पण बेळगावात कर्नाटकाचा १९६१ चा कायदा चालतो, त्यात एका नोकराच्या दुकानालाही नोंदणी लागते. व्यवसाय कराचं तसंच. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिन्याला साडेसात हजारांच्या वर गेला की कर लागतो, कर्नाटकात २०२३ च्या एप्रिलपासून २५,००० पासून पुढे. महाराष्ट्राच्या तक्त्यावरून इथल्या कामगाराचा कर कापलेला मी स्वतः पाहिलाय.

आणि बायकांच्या योजना. जून २०२४ मध्ये महाराष्ट्राने लाडकी बहीण जाहीर केली, महिन्याला १,५००. पुढचे दोन महिने निपाणीकडच्या बायका अर्ज भरून देणाऱ्यांना पैसे देत होत्या. ती योजना महाराष्ट्राच्या रहिवासी बाईसाठी आहे. आपल्यासाठी कर्नाटकाची गृहलक्ष्मी, महिन्याला २,०००, ऑगस्ट २०२३ पासून. महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी त्याच्या काही वेगळ्या सवलती असतात, म्हणून गोंधळ होतो हे मला कळतं. पण सवलतीच्या कागदावर '८६५ गावं' हे शब्द असतात. ते दिसले नाहीत तर ती योजना आपली नाही असं धरा आणि अर्जाला एक रुपया देऊ नका.

आता तंत्रज्ञान. इथे टप्प्यापेक्षा आकडा जास्त फसवतो. गेल्या वर्षी एका कारखान्यात मी बसले असताना एक विक्रेता कास्टिंग (ओतीव भाग) तपासणारा एआय कॅमेरा घेऊन आला. ब्लो होल (आतलं हवेचं भोक), तडा, सगळं पकडतो म्हणाला, ९५ टक्के अचूक. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी यंत्रातली माणूस नाही, पण टक्केवारी माझा रोजचा धंदा आहे. मी डेबिट नोटेच्या पाठीवर मांडलं.

दिवसाला १,००० कास्टिंग निघतात. रिजेक्शन २ टक्के, म्हणजे २० खराब, ९८० चांगले. समजा कॅमेरा खराबांपैकी ९५ टक्के पकडतो: १९. एक खराब माल गिऱ्हाइकाकडे जाईल, ठीक. पण चांगल्यांमध्येही तो ९५ टक्केच बरोबर, म्हणजे ५ टक्के चुकतो: ४९ चांगले कास्टिंग तो खराब म्हणून बाजूला काढणार. रिजेक्शनच्या ढिगात ६८ नग, त्यांत खरे खराब १९. बाकी ४९ शोधायला ते सगळे ६८ परत हाताने तपासावे लागणार, आणि त्याला तोच माणूस लागणार, ज्याचा पगार वाचणार म्हणून हे यंत्र विकलं जातंय. आणि काहीच न बघता प्रत्येक नगाला 'चांगला' म्हणणारा कॅमेरा ९८ टक्के अचूक ठरेल.

मालकांनी तो कागद विक्रेत्यापुढे सरकवला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याला हे दोन आकडे कोणी दिलेच नव्हते. तुम्ही हे दोनच आकडे मागा: खराबांपैकी किती पकडले, आणि चांगल्यांपैकी किती फेकले. तेही तुमच्या स्वतःच्या मालावर, तुमच्या शेडमधल्या उजेडात, महिनाभर चालवून. लेखी दिले नाहीत तर आगाऊ रक्कम देऊ नका. कॅमेरा वाईटच असतो असं मी म्हणत नाही. रिजेक्शन जास्त असलेल्या, एकाच आकाराच्या मालावर तो उपयोगी पडेल. पण 'अचूकता' हा एकटा आकडा वाचून त्याबद्दल काहीच कळत नाही. वर्तमानपत्रात 'एआय डॉक्टरपेक्षा अचूक', 'एआय वकिलाची जागा घेणार' असं येतं, तिथेही हाच कागद मांडता येतो.

वकिलाची जागा म्हणाल तर, अमेरिकेत डूनॉटपे नावाची कंपनी स्वतःला जगातला पहिला रोबो वकील म्हणवत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई जाहीर केली, १,९३,००० डॉलर भरायला लावले. दावा तपासूनच पाहिलेला नव्हता, हा आक्षेप होता. त्याआधी जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वात नसलेले निकाल सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. आणि आपल्या बंगळूरच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये एका ट्रस्टच्या प्रकरणात दिलेला आदेश काही दिवसांतच मागे घेतला, कारण त्यात आधार म्हणून घेतलेले निकाल सापडतच नव्हते. म्हणून मोबाइलवर कोणी 'सुप्रीम कोर्टाने असं म्हटलंय' पाठवलं, किंवा एखाद्या ॲपने निकालाचा क्रमांक दिला, तर तो निकाल न्यायालयाच्या वेबसाइटवर उघडल्याशिवाय वहीत चढवू नका. नोटिशीच्या उत्तरात तर अजिबात घालू नका.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी सगळ्याच बातम्या खोट्या म्हणते. तसं करणाऱ्यांचं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२४ च्या जानेवारीपासून मोबाइलवर एक संदेश फिरत होता: छोट्या कारखानदाराचं बिल ४५ दिवसांत दिलं नाही तर तो खर्च आयकरात धरणार नाहीत. माझ्या दोन पक्षकारांनी तो वाचून सोडला. पुढे ढकलणारच, म्हणाले. पण त्या संदेशामागे कागद होता. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातलं होतं आणि तारीख त्यातच छापलेली होती: १ एप्रिल २०२४, म्हणजे २०२३-२४ या वर्षाच्या हिशेबाला लागू. ते पुढे ढकललं गेलं नाही.

एकाकडे पॅटर्न (ओतकामाचा नमुना) बनवणाऱ्याचं ४ लाखांचं बिल होतं, १० जानेवारीचं. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, ही मुदत २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यातली आहे. करार होता, म्हणून मुदत २४ फेब्रुवारीला संपली. पैसे एप्रिलमध्ये दिले. ४ लाख त्या वर्षीच्या उत्पन्नात धरले गेले, भागीदारी फर्मचा ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर धरून १,२४,८०० रुपये भरावे लागले. पुढच्या वर्षी तो खर्च वजा मिळाला, पण रोकड तेव्हा गेली ती गेली.

त्याच संदेशाने उलट बाजूचंही नुकसान केलं. तो 'प्रत्येक व्यापाऱ्याचं बिल' असं म्हणत होता. कापडाच्या व्यापाऱ्यांनी घाबरून महागड्या व्याजाने पैसे उचलून दुसऱ्या व्यापाऱ्यांची बिलं भागवली. तरतूद सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी आहे, उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जापुरती. मध्यम उद्योगही त्यात येत नाही. म्हणून वहीत 'कोणाला लागू' हा रकाना हवाच, आणि तो भरताना व्याख्येचं कलम वाचायचं, संदेश नाही.

यूपीआयचंही असंच झालं. एप्रिल २०२५ मध्ये '२,००० च्या वर यूपीआयवर जीएसटी' असं पसरलं, अर्थ मंत्रालयाने ते १८ एप्रिलला खोटं ठरवलं. जुलैमध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयची जमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या आणि लोक म्हणाले, बघा, खरंच होतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर उलाढालीवर असतो, मालासाठी ४० लाखांच्या वर आणि सेवेसाठी २० लाखांच्या वर नोंदणी लागते. यूपीआय हा फक्त उलाढालीचा पुरावा. क्यूआर कोड काढून ठेवल्याने कर बदलत नाही, गिऱ्हाईक मात्र जातं. नोटीस आली तर खात्यातली जमा वेगवेगळी करा: विक्री किती, घरचे आले-गेले किती, हातउसने किती, आणि ताजी भाजी, दूध यांसारखा करमुक्त माल किती. नुसता करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाही.

गुंतवणुकीच्या बातम्यांवर मी फार वेळ घालवत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या इन्व्हेस्ट कर्नाटकात १०.२७ लाख कोटींचे वायदे झाले. त्यांतला मोठा भाग सामंजस्य करारांचा, आणि त्यातून हात काढता येतो. वेदान्त-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा प्रकल्प तळेगाव सोडून गुजरातला गेला म्हणून २०२२ मध्ये महाराष्ट्र पेटला होता, १० जुलै २०२३ ला फॉक्सकॉनच बाहेर पडली. आपल्याकडे 'इंडस्ट्रियल पार्क येणार' म्हणून रस्त्याकडेची जागा घेणाऱ्यांनी एकच विचारावं: कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याखाली कलम २८(१) ची प्राथमिक अधिसूचना निघाली काय, आणि २८(४) ची अंतिम निघाली काय? त्यात सर्व्हे नंबर असतात. ज्या जमिनीचा नंबर त्यात आहे ती संपादनात जाणार आहे, ती तर मुळीच घेऊ नये. आणि दोन्ही निघालेल्या नसतील तर तुम्ही दलालाच्या शब्दावर पैसे लावताय.

वहीचा शेवटचा रकाना म्हणजे परत बघण्याची तारीख. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ती पानं उलटते. आत्ता सगळ्यात वर आहे डेटा संरक्षण कायदा. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली आणि तेव्हाच '२५० कोटींचा दंड' म्हणून लोक घाबरले. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यांतल्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार, म्हणजे मे २०२७. त्या पानावर मी लिहून ठेवलंय: हजेरीच्या मशीनमध्ये सोडून गेलेल्या कामगारांचे अंगठे अजून आहेत काय, ते पुसा. आधारच्या झेरॉक्सची कपाटात पडलेली फाइल कोणाच्या ताब्यात आहे ते लिहा. गिऱ्हाइकांचे फोन नंबर कोणकोणाच्या मोबाइलमध्ये आहेत त्याची यादी करा. पैसे मागायला आलेल्या सल्लागाराला आधी विचारा, कुठल्या नियमाखाली आणि कुठल्या तारखेपासून.